वावडे आणि ओळख

अमक्याला अमुक पदार्थाचे वावडे आहे, हा अनुभव मराठी घरांना नवा नाही. कोणाला कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात. कोणाला माळ्यावरच्या जुन्या गाद्या झटकताना शिंकांवर शिंका येतात आणि रात्री दमा लागतो. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे एकच उपाय सांगतात : जे बाधते ते टाळावे. ज्याला वावडे जडलेच आहे, त्याच्यापुरता हा उपाय आजही शहाणपणाचा आहे. परंतु ज्याला ते अद्याप जडलेले नाही, अशा तान्ह्या मुलालाही तोच उपाय लागू करावा काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राला स्वतःचाच सल्ला मागे घ्यावा लागला.

वावड्याला शास्त्रात ॲलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रचारात आणला. परक्या द्रव्याशी एकदा गाठ पडली की शरीर पूर्वीचे राहत नाही, पुढच्या भेटीत ते निराळ्या रीतीने वागते, असे त्यांचे म्हणणे होते. ही बदललेली वागणूक रक्तावाटे दुसऱ्याकडे नेता येते, हे १९२१ साली ब्रेस्लाउ येथील दोन डॉक्टरांनी दाखवून दिले. हाइन्झ क्युस्टनर यांना माशाचे वावडे होते. कार्ल प्राउस्निट्स यांना ते नव्हते. प्राउस्निट्स यांनी क्युस्टनर यांचा रक्तरस स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तेथे गांध उठली.

रक्तरसातील ते द्रव्य हुडकण्यास पुढे सुमारे पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६ व १९६७ या दोन वर्षांत अमेरिकेत काम करणारे किमिशिगे व तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांनी ते ओळखले. इम्युनोग्लोब्युलिन ई असे त्याचे नाव. त्वचेतील आणि श्वासमार्गातील काही पेशींवर हे प्रतिपिंड पहारेकऱ्यासारखे बसलेले असते. ज्या प्रथिनाला त्याने शत्रू मानले, ते प्रथिन येताच पेशींतून हिस्टामिनासारखी द्रव्ये बाहेर पडतात आणि शिंका, गांधी, दमा यांना आरंभ होतो. प्रथिन बहुधा निरुपद्रवी असते. चूक होते ती ओळखीत.

घराच्या धुळीत अशी चूक घडवून आणणारे आहे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर हॉलंडमधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ नंतरच्या काही वर्षांत दिले. कोळ्याच्या जातकुळीतला, सुमारे पाव ते तृतीयांश मिलिमीटर लांबीचा एक जीव गाद्या-उशांत वस्ती करतो. माणसाच्या अंगावरून गळणारा त्वचेचा कोंडा हे त्याचे अन्न, आणि हवेतील ओलावा हे त्याचे पाणी. रोग्याला बाधते ते मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिन. म्हणूनच दमट हवेत ही वस्ती वाढते आणि कोरड्या हवेत मरगळते. झुरळांचेही तसेच आहे. अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतील मुलांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना झुरळाची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळाचे प्रथिनही पुष्कळ होते, त्या मुलांना दम्यासाठी रुग्णालयात अधिक वेळा न्यावे लागले, असे तीत आढळले.

धूळ टाळावी, मग अन्नही टाळावे, असा विचार यातून सहज निघाला. इंग्लंड-अमेरिकेत भुईमुगाच्या दाण्याची ॲलर्जी वाढू लागली. ती क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सल्ला दिला की, ज्या मुलांना धोका अधिक त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. आईबापांनी तो निष्ठेने पाळला. ॲलर्जी मात्र घटली नाही. २००८ साली हा सल्ला मागे घेण्यात आला. त्याच वर्षी लंडनचे डॉ. गिडियन लॅक आणि त्यांचे सहकारी यांनी एक विलक्षण तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधील ज्यू मुलांच्या सुमारे दसपट होती. वंश जवळचा, पण आहार वेगळा : इस्राएलमध्ये शेंगदाण्याचा खाऊ पहिल्या वर्षातच बाळाच्या तोंडी लागत होता.

लॅक यांची उपपत्ती अशी की, अन्नातील प्रथिन प्रथम तोंडावाटे पोटात गेले तर शरीर त्याला आपले मानते. पण इसबाने चिरलेल्या त्वचेतून ते शिरले तर शरीर त्याला शत्रू समजते. घरातील मंडळी शेंगदाणा खातात, त्याचे कण धुळीत आणि अंथरुणावर पडतात. बाळाच्या ताटातून दाणा काढला, तरी त्याच्या पाळण्यातून तो गेलेला नसतो.

या उपपत्तीची कसोटी ६४० बाळांवर घेण्यात आली. चार ते अकरा महिन्यांच्या या बाळांना तीव्र इसब, अंड्याची ॲलर्जी किंवा दोन्ही होती. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले. निम्म्यांना वर्ज्य केले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांच्या वयाला वर्ज्य करणाऱ्या गटात सुमारे १७ टक्के मुलांना ॲलर्जी होती. खाणाऱ्या गटात सुमारे ३ टक्के.

जेथे दाण्याचे कूट रोजच्या भाजीत पडते, तेथील श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. तथापि यातून भलताच अर्थ काढू नये. ज्याला ॲलर्जी जडली आहे त्याने तो पदार्थ कटाक्षाने टाळलाच पाहिजे. तीव्र इसब असलेल्या बाळाला शेंगदाणा देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे; आणि अख्खा दाणा तान्ह्या मुलाच्या घशात अडकतो, म्हणून तो कोणत्याच बाळाला देऊ नये.

जपण्याच्या भरात ज्यांनी आपल्या बाळाला दाण्यापासून दूर ठेवले, त्या आईबापांचा दोष नव्हता; सल्ला देणाऱ्यांपाशी तेव्हा पुरावा नव्हता. तो मिळताच त्यांनी आपले मत बदलले. शरीराला शत्रू-मित्र ओळखावयास वेळेवर शिकवावे लागते. शास्त्रालाही तेच शिकावे लागले.