इसार देण्याआधी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जमीन-घरात पैसे कसे गुंतवावे, यावर मी बोलणार म्हटल्यावर आमच्या घरी हशा पिकला. कारण माझी पहिली उडी सपशेल फसली होती. तीच सांगते.

2016 साली भिशीचे पैसे आणि मोडलेल्या पाटल्या मिळून माझ्यापाशी दीड लाख जमले होते. गावाबाहेरचा एक प्लॉट पाहिला. विकणारे गृहस्थ मोठे अदबीचे! “वहिनी, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय,” म्हणाले, आणि साध्या पावतीवर पन्नास हजार इसार देऊन मी मोकळी झाले. गवार घेताना आपण चार शेंगा मोडून पाहतो. इथे सातबारा पाहिला तो पैसे दिल्यावर!

त्यावर त्या गृहस्थांबरोबर तीन बहिणींची नावे होती. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. “बहिणी काय, सह्या देतील हो!” दोघींनी हक्कसोडपत्र दिलेही. तिसरीने नकार दिला. मला तिचा राग आला, खोटे कशाला बोलू? पुढे तिची गाठ पडली, तेव्हा म्हणाली, “माझा वाटा विकायचा तर मला विचारा तरी!” मी गप्प झाले. माहेरच्या अशाच एका कागदावर मी न वाचता सही करून आले होते.

व्यवहार मोडला. वर्षभर खेटे घालून तीस हजार परत मिळाले.

2022 मध्ये भाड्याने देण्यासाठी एका खोलीचा फ्लॅट घेतला. या वेळी आधी महारेराकडची नोंदणी पाहिली. करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे 2016 च्या कायद्यातले कलम मी त्यांच्या कचेरीतच बोलून दाखवले. दर चटई क्षेत्रावर काढून पाहिला. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावे, त्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. राज्यात ती 2021 पासून आहे.

पण भाड्यात हप्ता निघेल या भ्रमात राहू नका. माझा हप्ता चौदा हजार, भाडे आठ. वरचे पदरचे, शिवाय सोसायटीचा खर्च, आणि भाडेकरू गेला की महिना-दोन महिने कुलूप. हे झेपेल का, ते आधी डब्यातले पैसे मोजून पाहावे.

तो जुना सातबारा मी जपून ठेवला आहे. कसा वाचायचा हे पाहायचे असेल त्यांनी गुरुवारी दुपारी आमच्याकडे यावे. माहेरचा उताराही आता मागवला आहे.