बंदुकीचा परवाना आणि जन्माचा गुन्हा



बंदूक माणसाला मारीत नाहीं, माणूसच माणसाला मारतो. मग परवान्याची कटकट कशाला, असें कांहीं शहाणे म्हणतात. आम्हां कुणब्या-कारागिरांना हें बोलणें अर्धेंच वाटतें. विळा-कोयता आमच्या घरोघर आहे, त्याला परवाना लागत नाहीं. पण कोयता उगारणाऱ्याला जवळ यावें लागतें. कोणी त्याचा हात धरतो, समोरचा पळतो. बंदुकीच्या छऱ्याला तेवढी सवड नाहीं. म्हणून निर्बंध हवाच.

पण तो कोणावर? १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ सालीं त्याची हद्द सगळ्या हिंदुस्थानभर वाढविली. ज्यानें काडी चोरली नाहीं त्यानेंही हजेरी द्यावयाची, कां तर तो अमक्या जातींत जन्मला! १८७८ सालीं, लॉर्ड लिटनच्या अमदानींत, हत्यारांचा कायदा झाला. त्यांत गोऱ्यांना परवान्याची माफी. आणि रानडुकरांनीं उभा शाळू लोळवला तरी आमच्या शेतकऱ्यानें कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या. एका कायद्यांत जन्मानें दोषी, दुसऱ्यांत जन्मानें निर्दोष! हा न्याय आमच्या ओळखीचाच होता. मनूच्या पोथींतही शिक्षा वर्ण पाहूनच ठरते.

गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. तरी गांवांत चोरी झाली कीं पहिलें बोट पारध्यांच्या पालाकडे जातें. करतो एक, झोडपली जाते सारी वस्ती. आणि बोट दाखविणाऱ्यांत आमचेही लोक असतात.

१९५९ च्या हत्यार कायद्यांत गोरा-काळा भेद नाहीं. खऱ्या पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यांत आहे. पण परवाना एका माणसाच्या नांवाचा असतो, घराण्याच्या इभ्रतीचा नव्हे. वाड्यांतल्या खुंटीवरची बंदूक पुतण्यानें उतरवून बांधाच्या भांडणांत नेली, तर 'माझा हात नव्हता' हें काकाचें म्हणणें आम्ही ऐकूं नये. तसेंच सावकारानें हुकूम सोडावा आणि फांसावर एकट्या गड्यानें जावें, हेंही नको. चिथावणी देणाऱ्यास शिक्षा १८६० च्या दंडसंहितेंत होती, २०२४ पासून लागू असलेल्या न्यायसंहितेंतही आहे. साक्ष द्यायला मात्र पुढें आलें पाहिजे.

आतां लग्नसराई तोंडावर आहे. वरातींत बार काढून लोकांचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. नवरदेवाचा मामा असला तरी त्याला बंदूक घरीं ठेवायला लावा, आणि वाजंत्र्यांना सांगा, वाजवा जोरांत.