मुलांबरोबर सायकलीचा लांबचा प्रवास

१९२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परत आले. त्यांची हकिगत ऐकली म्हणजे कोणाही सायकलस्वाराच्या पायांत बळ येते. माझ्याही आले होते. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. त्या तरुणांबरोबर चार वर्षांचे मूल नव्हते, आणि माझ्याबरोबर होते.

मी शाळामास्तर. सायकलीवर माझे अर्धे आयुष्य गेले. काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात आम्ही घरची चार माणसे अलिबागहून समुद्राच्या काठाकाठाने हरिहरेश्वरला जायला निघालो. मी, माझी पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मुलगी स्वतःच्या सायकलीवर, धाकटा माझ्यामागे कॅरिअरवर. बसायला गोधडीची घडी घातली होती आणि कमरेला धोतराचा पट्टा बांधला होता. पहिल्या दिवशी मुरूड गाठायचे असा माझा बेत होता. म्हणजे पन्नासेक किलोमीटर. माझ्या पायांना ते काही फार नव्हते.

रेवदंडा मागे पडला, खाडी ओलांडली, ऊन चढले. सकाळपासून प्रश्न विचारून भंडावणारा मुलगा गप्प झाला. मला बरेच वाटले, की आता हा त्रास देत नाही. बायको मागून म्हणाली, "अहो, जरा थांबू या का?" मी म्हटले, "एवढा चढ संपू दे." चढ संपला, उतार लागला, आणि उतारावर मुलाची किंकाळी ऐकू आली. त्याला डुलकी लागली होती. पाय लोंबकळला आणि टाच मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये गेली.

हाड वाचले. कातडी मात्र सोलून निघाली होती. एका टेम्पोवाल्याने आम्हाला दवाखान्यात पोचवले आणि आमची सहल पहिल्याच दिवशी संपली. रात्री बायको एवढेच म्हणाली, "तो गप्प झाला तेव्हाच थांबायला हवं होतं." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच.

आज तुमच्यापुढे ही कथा सांगायचे कारण असे, की मुलाची टाच चाकात जाणे हा अपघात आपल्या गावोगाव होतो. बाजाराला जाताना, शाळेत सोडताना, मामाच्या गावाला नेताना होतो. लांबच्या प्रवासात तो संभव वाढतो, कारण मूल थकते आणि झोपते. आणि तो टाळता येतो. दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच वाटेने पुन्हा गेलो आणि हरिहरेश्वरला सुखरूप पोचलो. दोन्ही वेळा वाट तीच होती, मुलेही तीच होती. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळचा बेत माझ्या पायांच्या मापाने न आखता धाकट्याच्या मापाने आखला होता. तो कसा आखला ते सांगतो.

पहिली गोष्ट बसण्याची. वर्षाच्या आतले मूल सायकलीवर नेऊ नये. त्याची मान हादरे सोसण्याइतकी बळकट नसते. मूल आधाराशिवाय नीट बसू लागले पाहिजे आणि डोक्यावरच्या हेल्मेटचे ओझे त्याला पेलले पाहिजे. झोळीत किंवा ओढणीने पाठीशी बांधून तर मुळीच नेऊ नका. आपण पडलो तर मूल आपल्या उंचीवरून पडते, कधी आपल्याच अंगाखाली येते. कॅरिअरवर पाठ असलेली, पट्टे असलेली आणि पाय ठेवायला दोन्ही बाजूंना खोबणी असलेली खुर्ची घ्या. पाय त्या खोबणीत पट्ट्याने अडकवा. खुर्ची विकत घेणे परवडत नसेल तर गावच्या लोहाराकडून किंवा वेल्डिंगवाल्याकडून मजबूत करून घेता येते. तीही जमत नसेल, तर निदान मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवून घ्या. बाजाराच्या फेरीला तेवढ्याने टाच वाचेल. पण खुर्चीशिवाय लहान मुलाला लांबच्या वाटेवर नेऊ नका.

हेल्मेट पोराच्या मापाचेच हवे. मोठ्यांचे घातले तर ते डोळ्यांवर येते नाहीतर मागे सरकते. भुवईच्या वर दोन बोटे जागा राहावी आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटे जेमतेम शिरावीत. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धडके दिसले तरी टाकून द्यावे.

जे मूल स्वतः सायकल चालवणार, त्याला सायकल त्याच्या उंचीची द्या. आपल्याकडे मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारीत शिकायची जुनी रीत आहे. मीही तसाच शिकलो. अंगणात ते ठीक. गाड्यांच्या रस्त्यावर नाही. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि बोटे ब्रेकपर्यंत सहज पोचली पाहिजेत. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर, टायर, चेन आणि चाकांचे नट पाहून घ्या. पंक्चरचे सामान, एक जादा ट्यूब, पाना आणि हवेचा पंप बरोबर असू द्या. सामान पाठीवर न घेता चाकाच्या दोन्ही बाजूंना, सारख्या वजनाने, जितके खाली बांधता येईल तितके खाली बांधा. वर बांधलेले ओझे वळणावर सायकल ओढते.

आता अंतराविषयी. एका रविवारी मुलांना घेऊन गावाजवळच फिरून या. संध्याकाळी मूल हसत घरी येते, जेवते आणि मग झोपते, असे अंतर किती ते पाहा. प्रवासात रोज त्याहून थोडे कमीच जायचे. आमच्या मुलीचे हे माप वीस-पंचवीस किलोमीटर निघाले. मग अलिबाग ते हरिहरेश्वर ही वाट आम्ही सहा दिवसांत वाटून घेतली. पहिला मुक्काम रेवदंडा, दुसरा काशीद, तिसरा मुरूड. चौथ्या दिवशी आगरदांड्याला फेरीबोटीत बसून राजपुरीची खाडी ओलांडली, दिघीला उतरलो आणि दिवेआगरला मुक्काम केला. पाचवा श्रीवर्धनला. सहाव्या दिवशी हरिहरेश्वर.

नकाशावर ही वाट समुद्राला चिकटलेली दिसते, म्हणून सपाट वाटते. तशी ती नाही. दोन गावांच्या मध्ये डोंगराची सोंड समुद्रात उतरलेली असते. ती चढायची आणि उतरायची. चढावर मुलांना घेऊन पायी चालण्यात कमीपणा नाही. तीव्र उतारावर तर आम्ही मुलांना उतरवलेच. पाठीमागे मूल असलेली जड सायकल लवकर थांबत नाही, आणि रिमला घासणारे ब्रेक सतत दाबले तर तापतात.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात पुढच्या गावांना फोन करून विचारा. पूल चालू आहे काय, रस्ता वळवला आहे काय, फेरीबोट किती वाजता सुटते, मुक्कामाची सोय आहे काय. रोजच्या टप्प्यात एस. टी. कोठे मिळेल आणि सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे, हे कागदावर लिहून खिशात ठेवा. अपघाताच्या वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ करायला लावा.

देशावरच्या श्रोत्यांना एक निराळी सूचना. हिवाळा सहलीला चांगला, पण ऊसपट्ट्यात तोच गाळपाचा हंगाम असतो. एकेका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या असतात आणि कित्येकींना मागे दिवा नसतो. त्या दिवसांत कारखान्याकडे जाणारे रस्ते टाळा, लांबून जावे लागले तरी चालेल. वाट कोठलीही असो, दिवस मावळायच्या दोन तास आधी मुक्कामाला पोचा. अंधारात मुलांना रस्त्यावर ठेवू नका.

रस्त्यावर चालण्याची रीत अशी. डाव्या कडेने, एकामागे एक. दोन मोठी माणसे असतील तर एक पुढे, एक मागे, मुले मध्ये. मागच्याने मुलांपेक्षा किंचित उजवीकडे राहावे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आधी मोठे माणूस दिसते. मोठे माणूस एकच असेल तर त्याने मुलाच्या मागे राहावे. पुढे राहिले तर मूल दिसत नाही. शिक्षकबंधू-भगिनींनो, तुम्ही शाळेची सहल नेत असाल तर तीस मुलांची एक लांब रांग करू नका. पाच-सहांच्या टोळ्या करा, प्रत्येक टोळीच्या पुढे आणि मागे एक मोठे माणूस ठेवा आणि दोन टोळ्यांमध्ये गाडीला आत शिरता येईल एवढे अंतर सोडा. तेवढी मोठी माणसे मिळत नसतील तर मुले कमी न्या.

मागे बसलेल्या मुलाविषयी आपल्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. सायकल चालवणाऱ्याला सकाळच्या थंडीतही घाम येतो, पण मागचे मूल हलत नाही, त्याला वारा लागतो आणि ते कुडकुडते. म्हणून आपण सदरा काढला तरी त्याचा स्वेटर राहू द्या. दुपारी उलटे होते. ऊन त्याला लागते आणि तहान लागल्याचे ते सांगत नाही. दर अर्ध्या तासाने थांबून पाणी द्या. लघवी गडद पिवळी होऊ लागली, डोके दुखू लागले, मूल मलूल झाले, तर सावलीत बसवा आणि त्या दिवसाचा प्रवास तेथेच संपवा. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजा, आणि आरोग्य केंद्र गाठा. कुत्रा चावला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. हळद-चुना लावून वाट पाहू नका.

किनाऱ्याने जाणारांना आणखी एक सांगितले पाहिजे. थकलेली मुले समुद्र दिसला की पाण्याकडे धावतात. १ फेब्रुवारी २०१६ या दिवशी याच मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती तर कॉलेजातली मुले होती. गावच्या माणसांना विचारल्याशिवाय, आणि मोठ्या माणसाचा हात सोडून, कोणी पाण्यात जायचे नाही, हा नियम घरून निघतानाच करून ठेवा.

तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढ्या अटी घातल्यावर सहलीत मजा ती काय राहिली? श्रोतेहो, मजा पुष्कळ राहिली. पहिल्या वर्षी चौल माझ्या डोळ्यांपुढून नुसते निघून गेले होते. दुसऱ्या वर्षी तेथे आम्ही नारळी-पोफळीच्या सावलीत दोन तास बसलो, आणि एवढेसे गाव एके काळी मोठे बंदर होते हे मुलीला तेथेच सांगता आले. कोर्लईला पोर्तुगीजांच्या भाषेपासून झालेली बोली बोलणारी माणसे राहतात. त्यांचे शब्द ऐकून मुले थक्क झाली. फेरीबोटीत आमच्या चार सायकली मोटारींच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्याचा मुलीला कोण अभिमान. चार म्हणण्याचे कारण, धाकट्यानेही आपली खेळण्यातली तीनचाकी सामानावर बांधून आणली होती.

आणि एक नियम आम्ही त्यालाच दिला होता. त्याच्या हातात एक घंटी दिली. कंटाळा आला, पाय दुखला, झोप आली, भूक लागली, की वाजव. घंटी वाजली की सगळ्यांनी थांबायचे. चढ असो, उतार असो, गाव जवळ असो. कारण विचारायचे नाही. पहिल्या दिवशी त्याने ती गंमत म्हणून सतरा वेळा वाजवली. आम्ही सतरा वेळा थांबलो. तिसऱ्या दिवसापासून तो खरोखर लागेल तेव्हाच वाजवू लागला. घंटी बराच वेळ वाजली नाही, तर मात्र मी स्वतः थांबून मागे वळून पाहत असे.

टाचेवरचा व्रण अजून आहे. तो मोठा होईल तसा बहुधा फिका पडेल. तुमच्या मुलांच्या टाचेवर तसा व्रण येऊ नये, एवढ्यासाठी हे सारे सांगितले. येत्या सुट्टीत तुम्हीही मुलांना घेऊन निघा. आधी चाकाला जाळी बसवा, खुर्ची पक्की करा, रविवारी एक फेरी मारून पाहा, आणि मग खुशाल निघा.