लेकरांचा खर्च आणि लेकरांची भूक



लेकरं तालुक्याला, जिल्ह्याला कॉलेजात गेली, की बचत गटाच्या बैठकीत एक बोलणं हमखास निघतं, "पाठवलेले पैसे आठ दिवसांत संपतात. सारखं बाहेरचं खातात." म्हणून आम्ही गटातल्या बायांनी मुलामुलींनाच समोर बसवून हिशेब मांडला. रागवायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं.

वडापाव आणि चहाचे रोजचे 30 रुपये धरले, तर 25 दिवसांचे 750 रुपये झाले. पैसे फोनवरून जातात, त्यामुळे नोट मोडल्याचं कळतच नाही.

पण बाहेर खातात का? पहाटेच्या एसटीला निघणाऱ्यांचा डबा तयार नसतो. मेसवाल्यांचं वेगळं. बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. शिवाय मेसचे पैसे महिन्याचे आधीच भरलेले, म्हणजे मध्येच बाहेर जेवलं की एका जेवणाचे पैसे दोनदा जातात. काही मेसमध्ये आधी कळवलं तर खाडा धरून पैसे वजा करतात. नियम काय, ते पैसे भरतानाच विचारावं.

मुलींनी मात्र वेगळंच सांगितलं. "रिचार्ज टाळता येत नाही, वाढदिवसाची वर्गणी टाळता येत नाही. तुम्ही खर्च कमी कर म्हणता, मग आम्ही सकाळचं खाणं सोडतो." ऐकून आम्ही गप्प झालो. वाढत्या वयात, पाळीच्या दिवसांत उपाशी राहून वाचवलेला पैसा ही बचत नव्हे.

म्हणून आम्ही असं ठरवलं. पैसे महिन्याचे एकदम न देता आठवड्याला द्यायचे. खाण्याचे पैसे वेगळे, त्यांना दुसऱ्या खर्चासाठी हात लावायचा नाही. गटासारखी छोटी वही मुलांनीही ठेवायची. सोबत शेंगदाण्याचे लाडू, फुटाणे द्यायचे. मैत्रिणींबरोबर महिन्यातून एकदा बाहेर खाणं हिशेबातच धरायचं, म्हणजे लपवावं लागत नाही. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना आहे का, तेही विचारायचं.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. शिकणाऱ्या लेकराचं पोट भरलेलं हवं, हे त्या माउलीनं ओळखलं होतं.

तेव्हा आज फोन आला, की "पैसे कुठं गेले?" याच्या आधी "सकाळी काय खाल्लंस?" असं विचारा. हिशेब मग आपोआप खरा कळेल.