मिसेस आणि मिस्ट्रेस
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



फॉर्म भरताना आपण नावाआधी इंग्रजीत एम, आर, एस अशी तीन अक्षरं लिहितो आणि वाचतो मात्र ‘मिसेस’. मग त्यातला ‘आर’ आला कुठून? तो आला ‘मिस्ट्रेस’ या मूळ शब्दातून. ‘मिसेस’ हा त्याचाच संक्षेप. लिहिताना ‘आर’ टिकला, बोलताना झिजून गेला. ‘मिस’ हाही त्याच शब्दाचा तुकडा.

मिस्ट्रेस म्हणजे ‘मास्टर’चं स्त्रीलिंग. घराची मालकीण, एखाद्या विद्येत निपुण बाई, शिक्षिका. ‘हेडमिस्ट्रेस’मध्ये तो मान अजून आहे. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशात या शब्दाचे सहा अर्थ दिले आहेत. त्यांत ‘लग्न झालेली’ हा अर्थच नाही. शेवटचा अर्थ मात्र रखेलीचा. पुढे तोच सर्वांच्या तोंडी बसला. ‘मास्टर’चा आब काही गेला नाही!

म्हणजे शब्द एकच. आखूड केला की लग्नाची बायको, पुरा उच्चारला की ठेवलेली बाई. आपल्याकडेही एकीला ‘सौ.’, दुसरीला ‘ठेवलेली’. पुरुष मात्र दोन्ही घरी ‘श्री.’च.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. पहिली बायको असताना पुरुषाने दुसरं लग्न केलं, तर त्या दुसरीला कायमची पोटगी मिळणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दोन दशकांपूर्वी ठरवलं. तेव्हा तिच्यासाठी ‘फेथफुल मिस्ट्रेस’, म्हणजे एकनिष्ठ रखेली, असे शब्द वापरले गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे शब्द स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे आणि घटनेच्या कलम 21 शी विसंगत ठरवले. अशा विवाहातल्या पतीला कुणी अशी विशेषणं लावत नाही, हेही सांगितलं. विवाह रद्दबातल ठरला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली न्यायालय पोटगी देऊ शकतं, असा निकाल दिला. ती द्यायची की नाही, हे प्रत्येक प्रकरण पाहून ठरेल. पण दार बंद नाही.

तेव्हा बायांनो, आपल्या केंद्रात आलेल्या बाईचा अर्ज वाचताना शब्दांकडे नीट पाहा. वकिलाने ‘मिस्ट्रेस’, ‘कीप’, ‘ठेवलेली’ असं लिहिलं असेल, तर तिथेच अडवा. कलम 25 मध्ये ‘पत्नी किंवा पती’ असे साधे शब्द आहेत. तेच लिहायला लावा.