खड्डा खणायच्या आधी



आज आम्ही संडासाच्या खड्ड्याबद्दल बोलणार आहोत. कोणी रेडिओ बारीक करू नका बरं! गोष्ट शेवटी प्यायच्या पाण्यावरच येते.

आमचं गाव विदर्भातलं, कपाशीचं, काळ्या मातीचं. गेल्या वर्षी मे महिन्यात गटातल्या एका घरी खड्डा खणला. बारा फूट खोल, विहिरीपासून दहा पावलांवर. तळ ठणठणीत कोरडा. गवंडीदादा म्हणाले, जितका खोल तितका बरा, लवकर भरणार नाही. आम्हीही माना डोलावल्या. श्रावणात खड्डा पाण्याने भरला, संडास तुंबला आणि घरातल्या दोन्ही लेकरांना जुलाब लागले. जुलाब त्या पाण्यानेच झाले असं आम्ही छातीठोक सांगणार नाही. पण विहिरीचं पाणी जंतू तपासायच्या बाटलीत भरून ठेवलं, तर ते काळं पडलं. काळं पडलं की पाण्यात घाण मिसळल्याची शंका घ्यायची.

चूक कुठे झाली? आम्ही विहीर उन्हाळ्यात पाहिली होती. पाऊस संपताना दोरीला दगड बांधून मोजलं, तेव्हा जमिनीपासून अकरा फुटांवर पाणी लागलं. म्हणजे आमच्या खड्ड्याचा तळ पाण्यातच होता. पावसाळ्यात पाणी जितकं वर येतं, त्याच्या निदान साडेसहा फूट वर खड्ड्याचा तळ हवा. दोन खड्ड्यांच्या संडासाला चारेक फूट खोली पुरते. दोरीने मोजताना कठड्याची उंची वजा करायला विसरू नका, आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो.

विहिरीपासून अंतर निदान दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट. खाली भेगाळ खडक असेल तर एवढ्या अंतरावरही भरवसा नाही. भेगांतून पाणी न गाळता लांब पळतं.

आता माती. खड्डा जितका खोल करायचा, तितकंच खोल, वीतभर रुंद भोक सब्बलीने पाडा. तळाला दोन इंच बारीक गिट्टी घाला, पाणी भरा आणि रात्रभर मुरू द्या. ही रात्र चुकवू नका. सुक्या काळ्या मातीला भेगा असतात, पाणी गटागटा पिते आणि आपल्याला वाटतं, वा, काय छान जिरतंय! भिजली की फुगते आणि तोंड मिटून घेते. दुसऱ्या दिवशी गिट्टीच्या वर सहा इंच पाणी ठेवा, पऱ्हाटीच्या काडीवर खुणा करा, दर अर्ध्या तासाला बघा आणि पुन्हा सहा इंच भरा. असे चार तास. शेवटच्या अर्ध्या तासावरून इंचभर पाणी जिरायला किती वेळ लागतो ते काढा. तीस मिनिटांपर्यंत लागत असतील तर शोषखड्डा चालेल. तीस ते साठ असेल तर उथळ, लांब चर बरा. साठच्या वर गेलं तर तिथे पाणी जिरवायचा नाद सोडा.

आमच्या जुन्या जागेवर अर्ध्या तासात पाव इंचही उतरलं नाही. गोठ्यामागे मात्र तीन फुटांखाली मुरूम निघाला, तिथे वीस मिनिटांत इंचभर जिरलं. आता दोन खड्डे तिथेच आहेत, चार-चार फुटांचे. वरच्या काळ्या मातीने फुगून विटा ढकलू नयेत म्हणून बाहेरून फूटभर रेती-गिट्टी भरली. जुना खड्डा उपसून बुजवला. त्याचा खर्च दोनदा झाला, ते दुःख आहेच.

विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेटही तपासून घ्या. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाला देऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवतात. तुमच्या गावात त्या कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा.

पाऊस आता ओसरतोय, विहिरी भरल्या आहेत. दोरी टाकायचे हेच दिवस. आमच्या गटाची सब्बल, फूटपट्टी आणि गजराचं घड्याळ मोकळंच आहे, येऊन घेऊन जा. फक्त घड्याळ परत आणा, मागच्या वेळी ते महिनाभर दुसऱ्या वाडीतच राहिलं होतं.