जटलंडच्या माळावरील झाडे आणि शिळा

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



वृक्षलागवडीवर बोलावे असे मला सांगण्यात आले, तेव्हा खरे म्हणजे मी थोडा बिचकलो. या विषयावरील भाषणे आपण इतकी ऐकली आहेत, आणि त्यांतील काही मीच लिहून दिलेली आहेत, की आणखी एकाची भर घालण्याचे धैर्य होईना. म्हणून आज आपणांस जरा दूरच्या मुलखात नेतो. तो मुलूख डेन्मार्कचा. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे एक सप्तमांश भरेल एवढा तो देश आहे.

१८६४ साली प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्कचा पराभव झाला आणि श्लेस्विग व होल्स्टाइन हे सुपीक प्रांत हातचे गेले. उरलेल्या देशात जटलंड नावाचे मोठे द्वीपकल्प होते. पण त्याच्या मध्य व पश्चिम भागात मैलोगणती ओसाड माळ पसरलेला. पूर्वी तेथे अरण्य होते. शतकानुशतकांची तोड आणि चराई यांमुळे ते नाहीसे झाले आणि मागे राहिले हेदरचे खुरटे झुडूप, वाळू आणि समुद्रावरून अखंड येणारा पश्चिमेचा वारा. १८०५ साली राजाज्ञेने उरल्यासुरल्या वनांना संरक्षण मिळाले, त्या वेळी साऱ्या देशात शेकडा चारही भाग वन नसावे.

२८ मार्च १८६६ रोजी आरहूस या गावी ‘हेडेसेल्स्काबेट’ म्हणजे माळ सुधारणा मंडळ स्थापन झाले. त्याचा प्राण होता एन्रिको दाल्गास. हा लष्करातील अभियंता. रस्तेबांधणीच्या कामासाठी त्याने हा माळ पायांखाली घातला होता. कोठे पाणी आहे, कोठे माती किती खोल आहे, हे त्याला ठाऊक होते. आणि शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून बोलण्याची कला त्याला साधली होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण मंडळाने सल्ला दिला, रोपे दिली, पैशाची खटपट केली. परंतु जमिनी शेतकऱ्यांच्या होत्या आणि हातही बव्हंशी त्यांचेच होते.

काम सोपे नव्हते. वाळूखाली काही ठिकाणी दगडासारखा कठीण तांबूस थर असे. मुळे तेथवर जात आणि अडत. तो फोडण्यासाठी खोल नांगरट करावी लागे. आंबट झालेल्या जमिनीत चुन्याचा अंश असलेली माती दुरून आणून पसरावी लागे. एवढे करूनही स्प्रूसची रोपे वर्षानुवर्षे पिवळी, वीतभर उंचीची राहत. मग ध्यानात आले, की डोंगरी पाइन नावाच्या चिवट झाडाच्या सोबतीने लावलेला स्प्रूस जोमाने वाढतो. तेव्हा दोन्ही एकत्र लावावयाचे आणि स्प्रूसने मान वर काढली की पाइन तोडून टाकावयाचा, अशी रीत पडली. तिकडे त्या झाडाला दाईचे झाड अशाच अर्थाचे नाव आहे.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. शेताच्या बांधावर झाडांची ओळ लावली तर वारा अडतो, हे कोणालाही समजते. अडचण अशी, की माझ्या बांधावरच्या झाडांचा आडोसा शेजाऱ्याच्या पिकाला मिळतो आणि सावली मात्र माझ्या शेतावर पडते! आपल्याकडे बांधावरून काय काय होते ते सरपंच मंडळींना मी सांगावयास नको. डेन्मार्कमधील शेतकरी काही निराळ्या मातीचा नव्हता. तेथे लागवड संघ निघाले, पुढे सबंध परिसराचा एकच आराखडा करून ओळी लावण्याची पद्धत आली आणि लावल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांची खुरपणी त्या कामाचाच भाग मानली गेली.

यासाठी माणसे एकत्र बसावी लागतात. १८७० नंतर तेथील खेडोपाडी ‘फोर्सामलिंग्सहूस’ म्हणजे सभागृहे उभी राहिली. गावकऱ्यांनी भाग विकत घेऊन, श्रमदान करून ती बांधली. तेथे व्याख्याने होत, सामुदायिक गायन होई, व्यायाम चाले, लग्नाच्या पंगतीही उठत. शिक्षकांसाठी आणखी एक नाव सांगतो. हर्निंगजवळच्या गेलेरुप गावी त्याच सुमारास एवाल्ड टांग क्रिस्टेन्सेन नावाचा शाळामास्तर होता. माळावरच्या गरीब झोपड्यांतून पायी हिंडून त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडची गाणी, चालींसह, उतरवून घेतली. माळ नांगरला जात असताना माळावरची गाणी कोणीतरी राखीत होते.

आता शिळांकडे येतो. विबॉर्ग शहराच्या नैर्ऋत्येस काँगेन्सहूस येथे १९५३ साली एक स्मृतिउद्यान खुले झाले. सी. टी. सोरेन्सेन व हान्स गेओर्ग स्कॉवगार्ड या उद्यानरचनाकारांनी त्याची आखणी केली. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुलझाडे आणि कारंजे येते. तेथे तसे काही नाही. हेदरने झाकलेल्या एका दरीत मोठमोठ्या ओबडधोबड शिळा उभ्या आहेत. त्यांवर माळ लागवडीस आणणाऱ्या सामान्य शेतकऱ्यांची नावे त्यांच्या त्यांच्या मुलखानुसार कोरलेली आहेत.

हे वाचले तेव्हा मला माझे एक जुने प्रसिद्धिपत्रक आठवले. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका गावी वृक्षारोपण समारंभ झाला. प्रमुख पाहुणे कोण, व्यासपीठावर कोण, रोपे किती, सारे मी तपशीलवार लिहिले. कार्यक्रम आटोपताना एक वृद्ध बाई मला म्हणाल्या, “साहेब, रोपं आणलीत, बरं झालं. पण पाणी कोण घालणार, त्याचं नाव लिवलंय का तुमच्या कागदात?” मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच रस्त्याने जाताना पाहिले. खड्डे होते, काही ठिकाणी कुंपणाच्या काट्याही होत्या. माझ्या पत्रकातील एकही आकडा खोटा नव्हता.

डेन्मार्कमध्येही सारे गोडच झाले असे नाही. माळ इतका नांगरला गेला की मूळ माळच दुर्मीळ झाला. म्हणून काँगेन्सहूस येथील सुमारे १,२०० हेक्टर क्षेत्र न नांगरता राखून ठेवले आहे. एके काळची दाई, तो डोंगरी पाइन, आता राखीव माळांवर आपोआप पसरतो आणि त्याला उपटून काढावे लागते. आज त्या देशाचा सुमारे १५ टक्के भाग वनाखाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील राजकीय पक्षांनी आणखी अडीच लाख हेक्टर वन उभारण्याचा करार केला. त्यासाठी शेतजमीन द्यावी लागणार असल्याने, कोणाची व कोणत्या मोबदल्यात, यावर गावोगावी पुन्हा बैठका बसू लागल्या आहेत.

चहाची वेळ झाली आहे. चहानंतर आपण गटागटाने बसणार आहोत. प्रत्येक गटाला मी एक कोरा तक्ता देतो. त्यात रोपांच्या संख्येचा रकाना ठेवलेला नाही. गेल्या तीन वर्षांत आपल्या गावी जगलेली झाडे आणि ती ज्यांनी जगविली त्यांची नावे, एवढेच लिहावयाचे आहे. ज्यांना नावे आठवणार नाहीत त्यांनी रकाना तसाच कोरा ठेवावा. मीही त्या एका गावचा तक्ता भरणार आहे.